कमरेला बांधलेला घोडा

रजेच्या अर्जावर कारण लिहायचं असतं.
मी लिहिलं: घोडा.
होंड्याच्या कारखान्यातला नवा मॅनेजर
दोनदा वाचून म्हणाला, तुमच्याकडे घोडा आहे?
आहे म्हटलं. फणसाच्या लाकडाचं डोकं,
बांबूच्या फासळ्या, पोटात मी.
त्याने सही केली. माणूस बरा.

घोड्याला पाय नसतात. ते माझे.
पायांत घुंगरू, फेट्याला अबोलीचा वळेसर,
हातात तलवार. तिला धार नाही.
फिरंग्याने घरोघरची हत्यारं गोळा केली
तेव्हा खापरपणजाने ही एवढी
कणगीत लपवली, आणि विसरला.
आमची धार आमच्याच भाताने खाल्ली.

हेळवी यायचा तीन-चार वर्षांनी, चोर्ला घाट उतरून,
बैलाच्या पाठीवर वह्या.
अंगणात घोंगडं पसरून सुरू करायचा,
डोळे मिटून, एका दमात:
वाळूच्या मुलखातून निघाले गावस, तीनशे घोडी…
आधीच्या खेपेला त्याने पैठण सांगितलं होतं.
शेजारच्या परबांना थेट माळवा दिला,
त्यांची पायली जास्त भरली होती.

मग चाकरी. तीस भाले घेऊन आदिलशाहीत,
तिथून सावंतांकडे, तिथून फिरंग्याकडे,
तिथून फिरंग्यावर.
पगार थकला की बाजू बदलायची,
हे तो गात नसे,
पण ऐकू यायचं.

शेवटी म्हादईकाठ. इथे त्याचा आवाज चढायचा:
जिंकली भूमी!
बाबा खाकरायचे.
सातेरी आधीपासून वारुळात बसलेली,
गावडे तिच्या भोवती.
आम्ही डोंगर उतरून आलो ते उपाशी,
जागा मागितली, त्यांनी दिली.
अजून पहिला नारळ त्यांच्या हातून फुटतो
आणि आम्ही, तलवारवाले, मागे उभे.

सुभानापाशी हेळव्याचं बोट थांबायचं.
उठावात धरला, जहाजात घातला. तिमोर.
पुढं पान न्हाई, म्हणायचा,
आणि पाणी मागायचा.
मी नकाशात पाहिलं: समुद्रात सांडलेल्या शितांसारखी बेटं.
तिथे असतीलही कुणी नातवंडं,
ढोल ऐकला की ज्यांचे पाय
का कोण जाणे, उचलतात.
किंवा तापाने वाटेतच गेला असेल.
हेच खरं वाटतं मला. पण सुतकही कुणी धरलं नाही,
कारण कळलंच नाही.

आमच्या घरात भांडण कोकणीत,
गाऱ्हाणं आणि आरती मराठीत,
पगाराची चिठ्ठी इंग्रजीत,
आणि जमिनीचा कागद अजून पोर्तुगीजमध्ये.
तो वाचणारा एक म्हातारा वाळपईत होता.
परवा वारला.

गेल्या खेपेला अक्षदा हेळव्यासमोर बसली:
यात मी कुठे आहे?
तो हसला. पोरीचं नाव सासरच्या वहीत, बाय.
आतून बायको म्हणाली, तिथेही नसतं.
मी शोधून झालंय.
हेळवी त्यानंतर आलेला नाही.
बैल विकला म्हणतात.

ढोल वाजला. दोन पावलं पुढे, एक मागे.
गुलाल, घाम, बांबू कमरेत रुततो,
उजवा गुडघा यंदा साथ देत नाही.
शिवेवरच्या आंब्याशी येऊन सगळे घोडे थांबतात.
पलीकडे जायचं नाही. रीत आहे.
कुणी घातली असेल?
सात मुलूख ओलांडलेल्या माणसांनीच बहुतेक,
कधीतरी,
पाय दुखल्यावर.

अक्षदा बांधावर चढून फोन रोखते:
बाबा, वळ ना, तोंडावर उजेड नाही!
मी वळतो. घोडाही वळतो,
त्याला दुसरा इलाज नाही.
मागे आंबा, त्याच्या मागे घाट, काळा.
फोटोत तो येणार नाही.

घोडा रात्री वाशाला टांगायचा.
सहाची पाळी आहे.